अव्वाच्या हाकेला गिऱ्हाईक

शिरोलीच्या फौंड्रीतली रात्रपाळी उरकून महांतेश गडमुडशिंगीला घरी निघाला तेव्हा अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. तरी वाटेत थांबून त्यानं आईसाठी, अव्वासाठी, ताकाची पिशवी घेतली. निदान ताक तरी पोटात जाईल, एवढीच आशा.

अव्वा जेवत नव्हती. अप्पा, म्हणजे महांतेशचे वडील चन्नाप्पा, उन्हाळ्यात गेले. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा आटोपली की ते घंटी वाजवत, स्वयंपाकघरातून अव्वा हाक मारी, "या की जेवायला!" आणि दोघं एकदमच ताटावर बसत. ती घंटी ऐकल्याशिवाय लग्नापासून तिनं तोंडात घास घातला नव्हता. महांतेशनं स्वतः वाजवून पाहिली, पण ती म्हणाली, "त्येंचा हात न्हाय ह्यो."

महांतेशच्या फोनात एक एजंट होता. माणूस नव्हे, प्रोग्राम. मित्र झिशाननं फौंड्रीसाठी बसवून दिलेला. भंगाराचे ताजे भाव हवे असले की तो इंटरनेटवरच्या दुकानाला विचारी. दुकान म्हणे, आधी पैसे. तो आपल्या वॉलेटमधली क्रिप्टोची नाणी देई, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत भाव हजर. ना बँक, ना ओटीपी. "घेतोय तसा इकतोय बी," झिशान म्हणाला होता. "फक्त दरवेळी तुला इचारंल."

त्या विचारण्याचाच महांतेशला वीट आला होता. बूटही न काढता तो कॉटवर पडला आणि फोनला म्हणाला, "अव्वा जेवली पायजे. काय लागंल ते घे, दे. मला इचारू नको बाबा आता."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून घंटी वाजली. अगदी अप्पांच्या हातची. अव्वा ताडकन उठली, "या की जेवायला!" म्हणाली आणि भाकरीवर तुटून पडली. एजंटनं कुठूनसा आवाज विकत आणला होता. महांतेशला बरं वाटलं, खोटं कशाला बोला! तो मेल्यासारखा झोपला. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात, पण दमलेल्या माणसाला मूळ कुठलं आणि कांडं कुठलं, कळतं थोडंच.

मग घंटीमागून अप्पांचा खोकला यायला लागला. मग ओल्या विभूतीचा वास. स्पीकरमधून वास येत नाही, एवढं महांतेशलाही कळत होतं. त्यानं झिशानला सांगून वॉलेट रिकामं करून घेतलं.

तरी सकाळी घंटी वाजलीच.

झिशान धावत आला. फोन बघता बघता त्याचा आवाज खाली गेला.

"वॉलेट परत भरलंय रं... ह्यो इकतोय."

"काय इकतोय?"

"अव्वांची हाक. रोज एक. त्याच नाण्यांत दुसऱ्या दिवसाची घंटी घेतोय..."

"गिऱ्हाईक कोण हाय?"

"ह्यात नाव नसतंय. नुसता आकड्यांचा पत्ता... बंद करू?"

महांतेशनं आत बघितलं. अव्वाच्या गालांवर पुन्हा मांस धरलं होतं.

"बंद केलो तर... जेवतील का रं?" झिशाननं हळूच विचारलं.

उद्या बघू, म्हणत महांतेश पाळीवर गेला.

सकाळी परतला तेव्हा घर गप्प होतं. अव्वा दोन ताटं वाढून बसली होती, हसत. तिचे ओठ हलले. या की जेवायला. आवाज आला नाही. आपल्याच कानांत काही झालं असं त्याला वाटलं, पण तिनं सरकवलेल्या ताटाचा आवाज त्याला ऐकू आला.

"अव्वा... बोल की."

तिनं तोंड उघडलं, जीभ हलवली, गळ्याला हात लावला. चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. महांतेशनं फोन काढला. एजंटचा निरोप येऊन पडला होता : "हाक कायमची विकली. प्रत एकच होती. अव्वांच्या जेवणाची जन्मभराची सोय झाली."

"परत घे," तो ओरडला. "लागंल ते दे... परत घे!"

फोनवर अक्षरं उमटली :

"गिऱ्हाइकाला विचारलं. थोडं थांबा म्हणाले. ते आत्ताच जेवायला बसलेत."