निळा पोशाख, अकरा सेकंद

दिवे मालवलेत, तर ऐका. ही सुमिएबाईंची गोष्ट. आमच्या कंपनीत तीस वर्षं नटांना पोशाख चढवायचं काम केलं त्यांनी. मला त्यांनीच सांगितली.

जादुई शक्तीच्या पाच लढवय्या मुलींचं संगीत नाटक. जपानातल्या नागानो शहरातला शेवटचा प्रयोग, नोव्हेंबरचा तिसरा रविवार. संध्याकाळी पाचला सुमिएबाई तापाच्या गोळ्या आणायला बाहेर पडल्या. रोज दोन-दोन प्रयोग, पायांचे नुसते तुकडे पडले होते. गोळ्या वाकानासाठी, म्हणजे पाचांतल्या निळ्या पोशाखातल्या मुलीसाठी. त्या वर्षीच्या वसंत ऋतूपर्यंत ही निळी भूमिका चिहाया करायची. तिलाही असाच ताप आला होता, आणि सुमिएबाईच म्हणाल्या होत्या, "आजचा दिवस काढ गं." पोरीने दिवस काढला. आठवड्याच्या आत वारली.

"तू आज उभी राहायचं नाहीस," त्या वाकानाला म्हणाल्या.

"मावशी, शेवटचा प्रयोग! माझ्याऐवजी तुम्ही नाचणार का?"

"नाचेन. राक्षसच आधी पळेल."

पोरगी हसली. सुमिएबाईंना पुढे नाही म्हणवेना. त्या स्वतःवरच चिडल्या, पण भांडायचंही त्राण नव्हतं.

आठ वाजून दहा मिनिटं. मुलींचं रूप बदलतं तो प्रवेश. अकरा सेकंद मिट्ट काळोख. मुलगी विंगेत धावत येते, पाठ करून उभी राहते, शाळेच्या गणवेशावरूनच लढाईचा पोशाख चढतो. सगळं चाचपून. तोंड कोण बघतं?

पाठ आली. पोशाख चढला. चेन ओढताना बोटं मानेला लागली.

गार.

ताप उतरला वाटतं, त्यांना बरं वाटलं. मग हात खांद्यांवर गेले...

खांदे वाकानाचे नव्हते. हे खांदे त्यांनी दोन वर्षं सजवले होते.

"चिहाया...? दमली असशील गं. मी तेव्हा थांबवायला हवं होतं..."

पाठ क्षणभर थांबली. मग गेली.

उजेड झाला. रंगमंचावर पाच मुली. पाचही नाचत होत्या.

सुमिएबाई वळल्या. मागे पेटाऱ्याशी वाकाना पडली होती. गणवेशातच. बेशुद्ध. अंग भट्टीसारखं.

वाचली ती. डॉक्टर म्हणाले, नाचली असती तर हाती लागली नसती.

रात्री सुमिएबाई पोशाख वाळत घालायला गेल्या. चार पोशाख घामाने निथळत होते. निळा आधीच खुंटीवर होता, कोणी लावला ते कोणालाच ठाऊक नाही. वीस मिनिटं दिव्यांखाली नाचलेला पोशाख...

खडखडीत कोरडा.