खचलेली खुर्ची, खचलेला खांब

"धोक्याच्या भोंग्याची वायर तुम्हीच काढलीत, साहेब!"

पुलाच्या देखरेखीच्या खोलीत भिंगरीचा आवाज खणखणला. पुलाची यंत्रं सांभाळणाऱ्या मावशीकडे ती सुट्टीला आली होती. शेजारी मावसभाऊ चष्मिस, हातात खडू.

"काढली! मग?" साहेबांनी चहा भुरकला. "मधल्या खांबावरचा, उपग्रहावरून उंची मोजणारा डबा तीन दिवस बोंबलतोय, म्हणे खांब चार बोटं खचला! पण हादऱ्यांचं यंत्र गप्प आहे. म्हणजे डबाच बिघडला."

"साहेब, दोन्ही यंत्रं जोडीनं वाचायची असतात," मावशी म्हणाली.

"बाई, तुम्ही तारा पुसा."

भिंगरीनं घड्याळाकडे पाहिलं. अकराची बस याच पुलावरून जायची, आणि ती तिचे बाबा चालवत होते. अकराला दहाच मिनिटं कमी!

"चष्म्या, दाखव!"

"साहेब, मागं भिंतीवर बघा," चष्मिस म्हणाला. "सकाळी तुमच्या खुर्चीची पाठ या खडूच्या रेघेशी होती. आता चार बोटं खाली!"

"ती रोजच खचते. जुनी आहे."

"आणि तिच्या पाठीला मी हादऱ्यांचं सुटं यंत्र चिकटवलंय. तुम्ही हललात की यंत्राच्या पडद्यावर रेघ उडते. पण खुर्ची खचली, त्याचा पत्ताच नाही!"

"कळलं का?" भिंगरी कडाडली. "ते दणका ओळखतं. सावकाश खचणं फक्त डब्याला कळतं!"

"पोरखेळ! चला, बाहेर व्हा!"

भिंगरी बाहेरच गेली, थेट पुलाच्या फाटकाकडे, मागोमाग चष्मिस! आडवा दांडा खाली ओढून दोघं त्याला लोंबकळली. करकचून ब्रेक लागले. बस हातभर अंतरावर थांबली.

"अगं, वेड लागलंय का तुला?" बाबा ओरडले.

"लागू दे! आधी खांब बघा!"

मावशी तोवर शिडीनं खांबाच्या तळाशी उतरली होती. ती ओरडतच वर आली. "खांबाच्या पायाखालची माती नदीनं पोखरून नेलीय. माणसं उतरवा. पूल बंद!"

चाळीस माणसं भराभर उतरली. बाबांनी भिंगरीला छातीशी धरलं. "पोरांनो, जीव वाचवलात," एक आजोबा म्हणाले.

तेवढ्यात साहेब धापा टाकत आले, गर्दी बघून हसले. "शाबास! आमच्या यंत्रणेनं वेळीच..."

"शाबासकी राहू द्या, साहेब," भिंगरी म्हणाली. "डबा तीन दिवस ओरडत होता. तीन दिवस माझे बाबा याच पुलावरून बस नेत होते. तुम्ही ऐकलं का नाहीत? यांच्यासमोर सांगा. आत्ता!"