झोपलं का बाळ?

आधीच सांगते, ही गोष्ट माझी नाही. माझ्या मावसबहिणीची आहे. पण जिच्या कुशीत मी लहानपणी झोपले, ती माझ्याशी खोटं कशाला बोलेल? पटलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

फक्त दुपारी एकट्याने वाचू नका...

कारण हे भर दुपारी घडलं. जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, अशी ती वेळ.

माझ्या मावसबहिणीला घरात सगळे बारकी म्हणतात. लग्न होऊन ती ज्या घरात गेली तिथे खाली सासऱ्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या आणि मधे कुरकुरणारा लाकडी जिना. नवरा कारखान्यात. सासू बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. म्हणजे दिवसभर घरात तिघंच. सासरे, बारकी आणि नुकता बसायला लागलेला गोटू.

सासरे जुनेच रेडिओ दुरुस्त करायचे. लाकडी पेटीचे, व्हॉल्व्हवाले. बटण फिरवलं की आधी गरम होणार, मग बोलणार.

"बाबा, तुमच्यासारखेच आहेत हो," बारकी म्हणायची. "चहा पोटात गेल्याशिवाय तोंड उघडत नाहीत."

"आणि एकदा उघडलं की तुझ्यासारखे. बंदच होत नाहीत."

पण रेडिओ दुरुस्त करून ऐकायचं काय? एकेक स्टेशन बंद पडत चाललं होतं. त्यांच्या शहरातलं स्टेशनही गोटूच्या जन्माआधीच मुकं झालं. मग सासऱ्यांनी युक्ती काढली. साबणाच्या डबीत मावेल एवढा ट्रान्समीटर ते घरीच बनवायला लागले. डबीला मोबाईल जोडायचा, गाणी लावायची, की ती घरातल्या जुन्या रेडिओवर लागतात. दुरुस्त झालेल्या प्रत्येक रेडिओबरोबर एक डबी.

"मोठ्यांनी दुकान बंद केलं, म्हणून मी टपरी टाकली," ते म्हणायचे. "रेडिओला उपाशी नाही ठेवायचं. न वापरता ठेवला की मरतो."

त्यांचा एक नियम मात्र होता. डबी डायलवर कुठेही जुळवा, पण बंद पडलेल्या स्टेशनच्या जागी नाही. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी ते प्रत्येक रेडिओचा काटा बघायचे. चुकून तिथे असला तर हलवून ठेवायचे.

"असं का हो बाबा?"

"माणूस उठून गेलं तरी खुर्ची गरम असते काही वेळ. लगेच बसू नये."

बारकीला वाटलं, म्हाताऱ्याचं खूळ.

त्या दुपारी सासरे एका गिऱ्हाइकाकडे रेडिओ पोचवायला गेले. दुकान बारकीने सांभाळायचं होतं. गोटू वर पाळण्यात झोपलेला. मागे एकदा असंच झालं होतं. तो उठून रडत राहिला आणि खाली तिला पत्ताच नाही. वर गेली तेव्हा पोराला उचकी लागलेली. ते तिच्या मनातून जात नव्हतं.

मग तिला सुचलं...

डबीला मोबाईलऐवजी छोटा माईक जोडला तर? डबी वर पाळण्यापाशी ठेवायची आणि खाली रेडिओ लावायचा. पोरगं हूं म्हणालं तरी कळेल.

खूश होऊन तिने ते केलंही. पण डायलवर जिथे जावं तिथे खरखर. कुठे ट्यूबलाइटची, कुठे कुणाच्या चार्जरची. त्यात बाळाचा श्वास कुठला ऐकू येणार?

काटा सरकत सरकत एका जागी आला आणि सगळं शांत झालं.

विहिरीत असतं तसं शांत.

ती जागा कुठली हे तिला कळलं. नाही असं नाही. पण आईला त्या वेळी बाळाचा श्वास हवा असतो, बाकी जग गेलं उडत. तिने वर जाऊन डबीही तिथेच जुळवली. गोटूच्या पायाशी चुरगळलेलं पांघरूण तसंच राहू दिलं, उकडत होतं म्हणून. आणि खाली आली.

रेडिओतून गोटूचा श्वास येत होता. मऊ. संथ. मधेच ओठांचा चुटुक आवाज, झोपेत दूध पीत असल्यासारखा. बारकी हसली. फडक्याने एका पेटीची धूळ पुसायला लागली.

श्वास... मग थोडा थांबा... पुन्हा श्वास...

आणि मधल्या थांब्यात अजून एक श्वास...

तिचा हात थांबला.

एक छोटा होता. दुसरा मोठ्या माणसाचा. सावकाश, नाकातून घेतलेला. कुणीतरी पाळण्यावर वाकून बघत असावं तसा.

मग पाळण्याची कडी वाजली. कुंई... कुंई... झोका संथ लागला होता.

आणि रेडिओतून एक बाई अगदी हळू, अगदी मायेने म्हणाली...

"झोपलं का बाळ?"

बारकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण आवाज ओळखीचा होता. त्या शहरात वाढलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. स्टेशनवर रोज दुपारी लेकुरवाळ्या बायकांसाठी एक कार्यक्रम लागायचा. तो सादर करणारी बाई शेवटी हेच विचारायची आणि क्षणभर थांबायची. घरोघरी बायका काम करता करता रेडिओला उत्तर द्यायच्या, "झोपलं हो!" बारकीचं माहेरही त्याच शहरातलं, तिची आईसुद्धा द्यायची. मग ती बाई म्हणायची, "झोपलं? मग आता तुम्हीही जरा पडा." आणि कार्यक्रम संपायचा.

स्टेशन बंद होऊन किती दिवस झाले होते...

बारकी जिन्याकडे धावली. वर पोचली कशी, तिला आठवत नाही.

खोलीत कुणी नव्हतं.

खिडकी आतून लावलेली. गोटू गाढ झोपलेला. पाळणा मात्र हलत होता. आणि पायाशी पडलेलं पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत नीट ओढलेलं होतं. कडा आत खोचून. बारकी कधीच खोचत नाही. त्याला आवडत नाही.

ती त्याला उचलायला वाकली.

तेवढ्यात खालून, रिकाम्या दुकानातून, रेडिओचा आवाज आला.

"झोपलं का बाळ?"

आणि ते गप्प बसणं. उत्तराची वाट बघणारं.

बारकीने ठरवून काही केलं नाही. पण लहानपणापासून कानावर पडलेली गोष्ट जिभेवर असते, मनाला विचारत नाही. तिच्या तोंडून गेलं...

"झोपलं हो."

पाळण्याच्या काठीला माईक लटकत होता. अगदी तिच्या तोंडासमोर.

खाली कुणीतरी दीर्घ श्वास सोडला. खूप दिवसांची तहान भागल्यासारखा.

"झोपलं? मग आता तुम्हीही जरा पडा..."

बारकीने डोळे मिटून घेतले. संपलं. इथे संपतं.

"...मी आहे त्याच्यापाशी."

सासरे परत आले तेव्हा ती दुकानाबाहेर रस्त्यावर उभी होती. अनवाणी. गोटू छातीशी घट्ट धरलेला, आणि इतक्या गडबडीतही झोपलेला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन आधी रेडिओचा काटा बघितला. मग कधी नव्हे ते खालीच बसले, फरशीवर.

"बारके, तू उत्तर दिलंस का?"

तिने गोटूला आणखी जवळ ओढलं. त्यांना कळलं.

"ती बाई यायची आपल्या दुकानात," ते म्हणाले. "घरचा रेडिओ घेऊन. मला विचारायची, 'मी विचारते तेव्हा बायका खरंच उत्तर देतात का हो?' मी म्हणायचो, 'देतात की! सगळी गल्ली देते.' तर म्हणायची, 'इतकी वर्षं विचारते, मला मेलीला एकदाही ऐकू आलं नाही.' रेडिओ एकाच बाजूने बोलतो ना. स्टेशन बंद झालं आणि महिन्याभरात गेली बिचारी."

"बाबा, पण माईक तर मी..."

"हो," सासरे म्हणाले. "तिच्या जागेवर माईक लावणारी तू पहिलीच."

त्यांनी वर जाऊन डबीतली बॅटरी काढली. तारा कापल्या. तो रेडिओही उघडून व्हॉल्व्ह काढून ठेवले. सगळी मेहनत पाण्यात गेली.

त्यानंतर कधीच आवाज आला नाही.

पण गोटू दुपारी रडायचा बंद झाला. दात येतानासुद्धा. ताप असतानासुद्धा. त्या वेळी खोलीत जावं तर पांघरूण हनुवटीपर्यंत. कडा खोचलेल्या. त्याला आता तसंच आवडायला लागलं होतं...

बारकीने दुपारी पडणं सोडून दिलं. पाळण्याशेजारी खुर्ची टाकून टक्क जागी बसायची. आपल्या पोराजवळ आपण असायचं, दुसरं कुणी नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. सासरे म्हणायचे, "मी बसतो, तू पड." ती ऐकायची नाही.

गोटू बोलायला लागला. दोन-दोन शब्द जोडायला लागला.

एका दुपारी तिला राहवेना. गादीवर तो, शेजारी ती. फक्त पाठ टेकायची, डोळे उघडे ठेवायचे असं ठरवलं होतं. पापण्या जड झाल्या. मिटल्या. पण झोप लागली नव्हती, हे ती शपथेवर सांगते.

खाली दुकान बंद होतं. एकही रेडिओ चालू नव्हता.

शेजारी गोटू उठून बसल्याचं तिला जाणवलं. त्याने बोट तिच्या पापणीला लावून बघितलं. हळूच. मग जिन्याच्या दिशेने तोंड करून, कुणीतरी काही विचारल्यासारखं, तो म्हणाला...

"आई झोपली."

तो ऐकत होता.

"हो," म्हणाला.

आणि बारकीच्या पायाशी पडलेली चादर सावकाश वर यायला लागली. गुडघ्यांवर... पोटावर... हनुवटीपर्यंत. मग एका बाजूने कडा खोचली गेली.

गोटूचे दोन्ही हात तेव्हा तिच्या गालावर होते.

तिने डोळे उघडले नाहीत. आपण जाग्या आहोत हे कळलं तर काय होईल, एवढंच डोक्यात होतं.

पुढचं तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. त्यांनी ते घर सोडलं एवढं माहीत आहे. फोनवर बोलताना मागे गोटूची बडबड ऐकू येते. दुपारी मात्र तो एकदम गप्प होतो, आणि बारकी घाईघाईने फोन ठेवते.

माझं बाळ आता सहा महिन्यांचं आहे. दुपारी झोपतं. कुणी फोन करून सहज विचारतं, "झोपलं का बाळ?"

मी म्हणते, "नाही. जागंच आहे."