उरलेला रंग

यातला एक शब्द जरी खरा वाटला ना, तर माझी कवळी काढून तुझ्या हातावर ठेवते. बस.

एक चित्रकार होता. उतारावरचं एकच रान तो जन्मभर रंगवत आला. बायको म्हणायची, माझ्याकडे कधी इतकं टक लावून पाहिलं नाहीत. रानात एक रिकामा गोठा. संध्याकाळी रंग कालवायच्या फळीवर उरलेला रंग हा सुरीने खरवडायचा आणि गोठ्याच्या दाराला पुसायचा. घरी न्यायचा नाही. म्हणायचा, रानाचं रानाला. दारावर रंगाची बोटभर साल चढली होती. आणि चित्रात माणूस? कधी म्हणजे कधी नाही.

पुढे डोळे अधू झाले. उजेड कळायचा, पण हिरवा कुठला नि तांबडा कुठला, कळेना. लेकीने बजावलं, बाबा, आज शेवटचं, उद्यापासून ब्रश माळ्यावर. कबूल झाला बिचारा.

तिने त्याला गोठ्याकडे पाठ करून स्टुलावर बसवलं, आणि खाली गाडीत जाऊन पेंगली.

ऊन कललं. वारा पडला. पाखरं गप्प झाली. नुसता टर्पेंटाइनचा वास, आणि हळूहळू त्यात ओल्या मातीचा. मागे दार करकरलं... मग खर्र... खर्र... कुणीतरी खरवडत होतं. म्हाताऱ्याच्या ब्रशवरच्या हातावर एक हात येऊन बसला. गार. ढेकळासारखा खरबरीत.

"कोण... तू?"

हात चालायला लागला, आणि म्हातारा लहान पोरासारखा खुदकन हसला.

लेक आली तर चित्र पुरं. रान हुबेहूब, जिथला रंग तिथे. आणि मधोमध स्टुलावर एक माणूस, पाठमोरा, टकलावरच्या चामखिळीसकट.

"बाबा, हे कुणी काढलं?"

"मला विचारतेस? मी कधी पाहिलंय माझं टक्कल?"

ती मागे वळली. गोठ्याचं दार स्वच्छ. कोरं लाकूड, काल बसवल्यासारखं.

ब्रश काही माळ्यावर गेले नाहीत. आता लेकच त्याला तिकडे नेते, आणि तो मुद्दाम जास्त रंग उरवतो, दाराला भरभरून पुसतो. फक्त... ते चित्र त्यांनी भिंतीवर लावलंय ना, त्यातला माणूस पाठमोरा होता. परवा त्याचा कान दिसायला लागला. आज गाल दिसतोय. हसरा आहे म्हणे.

दात काय काढतोस? जा आता. आणि जाताना मागे वळू नकोस, मला तुझी पाठ नीट बघून घेऊ दे.