हद्दीबाहेरची लोर्ना

सकाळी टेप करून ठेवलेला आपलाच आवाज कुंपणापलीकडच्या गॅरेजमधून खणखणीत ऐकू आला आणि लोर्ना दचकली.

ओहायोतल्या त्या चिमुकल्या कॉलेजचं रेडिओ केंद्र विनापरवाना चालायचं. त्यात गैर काही नव्हतं; इतक्या कमी ताकदीच्या केंद्राला परवाना लागत नसे. अट एकच – कॉलेजच्या हद्दीबाहेर लहरींचा जोर नावापुरताच उरायला हवा. आज सरकारी तपासनीस मीटर घेऊन येणार होता. जोर जास्त भरला की केंद्राला टाळं! आणि लोर्नाचा तर सगळा जीव त्या केंद्रात.

भुरभुर पावसात ती कुंपणाशी धावली.

"अहो, बंद करा तो रेडिओ!"

ट्रकच्या बॉनेटखालून ग्रीस माखलेला एक चेहरा वर आला. "का म्हणून? लोर्ना बोलतेय. रोज ऐकतो मी."

"मीच लोर्ना!"

तो बघतच राहिला. "अरेच्चा... रेडिओवर इतक्या ओरडत नाही तुम्ही."

तेवढ्यात तिला ती तार दिसली. कॉलेजच्या कुंपणाच्या लोखंडी जाळीला अडकवलेली, थेट गॅरेजच्या पत्र्यापर्यंत ताणलेली.

"हा उद्योग कुणाचा?"

"माझाच. एमेट म्हणतात मला." तो खाली बघत म्हणाला, "खरखर फार यायची हो... तुमचं हसू नीट ऐकू येत नव्हतं."

तिचे गाल तापले. पण ही काय लाजायची वेळ होती? "शहाणेच आहात! आमच्या लहरी जाळीवरून इथवर ओढून आणल्यात. मीटर इथेच उसळणार आता!"

कोपऱ्यावर सरकारी गाडी वळली. एमेटने पक्कड उचलली... आणि थबकला.

"कापली की तुम्ही गेलात."

"कापा म्हणते ना!"

त्याने तार कापली. तिचा आवाज खरखरीत बुडाला.

तपासनीस मीटर धरून कुंपणाकडेने चालत आला. गॅरेजपाशी चांगलाच रेंगाळला. एमेटने तारेचं भेंडोळं पाठीमागे आवळून धरलं होतं.

"नियमात आहे," तपासनीस म्हणाला आणि निघून गेला.

"वाचलात," एमेट हसला, पण ते हसू उसनं होतं. "मी मात्र राहिलो हद्दीबाहेर."

इतके महिने आपण बोलत होतो आणि हा एवढा जीव लावून ऐकत होता... लोर्नाला तो आवडला. अगदी मनापासून आवडला.

"हद्द रेडिओला आहे," तिने जाळीवर पाय ठेवला. "मला कुठंय? बघत काय राहिलास... हात दे ना!"