आई झोपलीय

स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण खाली पडलं, आणि घरातली जागी असलेली तिन्ही मोठी माणसं होती तिथेच थिजली.

ताईच्या हातातली सुई अर्ध्या टाक्यात थांबली, दारात बूट काढत असलेला तिचा धाकटा भाऊ एका पायावर उभा राहिला, आणि भावजयीने ओठांशी नेलेला पाण्याचा पेला तसाच राहिला... झाकण फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, आणि ते पुरतं थांबेपर्यंत कोणी श्वास म्हणून घेतला नाही. ओट्यापाशी धाकट्याची चार वर्षांची चिमी उभी होती. तिच्याच हातून झाकण पडलं होतं. पण ती रडली नाही, कोणाकडे धावली नाही. स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी गच्च दाबून, भिंतीला पाठ लावून ती आजीच्या बंद दाराकडे बघत राहिली.

धाकट्याने ते पाहिलं. तो तसाच एक बूट पायात घेऊन आत आला.

"उद्यापासून चिमी इथे येणार नाही," तो म्हणाला. कुजबुजतच म्हणाला, कारण या घरात भांडणंसुद्धा कुजबुजत होत. "तू माझं तोंड शिवलंस ताई, आता तिचंही शिवतेस."

ताईने मान खाली घातली. उत्तर नव्हतं असं नाही... पण ते उत्तर तिने इतकी वर्षं गिळलं होतं की आता ते घशापर्यंत यायची वाटच विसरलं होतं.

त्या सकाळीच धाकटा आणि भावजय चिमीला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. कान ठणठणीत, जीभ ठणठणीत, बुद्धी तर वयाच्या मानाने चार पावलं पुढे. मग पोर बोलत का नाही? डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि सहज विचारलं, घरात बोलतं कोण? त्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसली. भावजय बिचारी लग्न झालं तेव्हा चांगली बडबडी होती, पण एकट्याने किती बोलणार! नवरा छापखान्यात यंत्रावर काम करायचा, आणि ते कामही त्याने हौसेने निवडलेलं, कारण तिथे इतका खडखडाट की कोणी कोणाकडून बोलण्याची अपेक्षाच ठेवत नाही. घरी आला की मूग गिळून बसायचा. आणि चिमीचा सबंध दिवस जायचा तो आत्याकडे, या घरात... आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार!

हे घरच तसं होतं. दुपारी इथे आलेल्याला वाटावं, आपण पाण्याखाली उतरलो. खिडक्यांना जाड निळे पडदे, त्यातून गाळून आलेला मंद, निळसर उजेड, आणि त्या उजेडात कापडी तळव्यांच्या सपाता घालून तरंगल्यासारखी चालणारी माणसं. सपातांना ते तळवे ताईनेच शिवलेले. दारावरच्या घंटीच्या पोटात कापूस भरलेला, कपाटांच्या बिजागरांना तेल, खुर्च्यांच्या पायांत मोजे. बोलायचं ते हातांनी. दोन बोटं ओठांवर टेकवली की भूक लागली. तळहात छातीवर ठेवला की जवळ ये. आणि तळहात गालाखाली घेऊन मान कलती केली की, आई झोपलीय. चिमीला शब्द येत नव्हते, पण ही भाषा ती अस्खलित बोलायची.

आणि कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं शिवणयंत्र. ताईच्या हातात कसब असं, की मोठमोठी दुकानं तिला बोलवत होती. एका शिंप्याने तर भागीदारी देऊ केली, आणि पुढे लाजत लाजत लग्नाचंही विचारलं. त्याच्या घराखालीच दुकान होतं, दिवसभर चार यंत्रं धडधडत असत. ताईने दोन्हीला नको म्हटलं. आईला एकटं कसं टाकायचं, आणि त्या धडधडाटात आणायचं तरी कसं? यंत्र चादरीखाली गेलं ते गेलंच. ती हाताने काजं आणि काठ शिवत राहिली. लोक म्हणाले, हिला संसाराची हौसच नाही. तिने चकार शब्द काढला नाही.

"बोल ना," धाकटा म्हणाला. "मला चार माणसांत हाक मारता येत नाही. बायको रागावली तरी मी नुसता बघतो. मला सांग, कशासाठी केलंस हे सगळं? शिस्त म्हणून?"

तेव्हा ताईने वर पाहिलं. चिमी जाणार... रोज सकाळी मांडीत येऊन बसणारा तो उबदार भार उद्यापासून नसणार! आणि या एका भीतीने इतक्या वर्षांचा बांध फुटला.

"शिस्त म्हणून केलं नाही रे मी," ती कशीबशी म्हणाली. "आई मरायला नको म्हणून केलं."

मग तिने सांगितलं; अडखळत, तुटक, डोळ्यांतलं पाणी पदराने टिपत. बाबा गेले त्या महिन्यातली गोष्ट. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळीला जायला लागली होती. पहिल्याच रात्रीचं जागरण करून ती आली, आडवी झाली, आणि धाकट्याने खिडकीत उभं राहून पत्र्याची शिट्टी फुंकली. आई धाडकन बाहेर आली, तिने त्याला एक थप्पड मारली आणि तिथेच खाली बसून ओक्साबोक्शी रडली. म्हणाली, जरा झोपू द्या रे मला, नाहीतर मरून जाईन मी.

"मोठ्या माणसाचं बोलणं ते," ताई म्हणाली. "पण बाबा नुकतेच गेले होते. मी अकरा वर्षांची. तू मला विचारलंस, आई पण मरणार? मी म्हटलं, आपण गप्प राहिलो तर नाही मरणार." तिने हातातली सुई कापडात टोचून ठेवली. "तू तेव्हापासून गप्पच राहिलास... आणि आई जगली. मग मी कधी थांबवायचं होतं ते, सांग ना? कोणत्या दिवशी?"

धाकट्याने पायातला राहिलेला बूट काढून ठेवला. अकरा वर्षांच्या पोरीने आईचा जीव आपल्या इवल्या पदरात बांधून घेतला होता, आणि ती गाठ सोडायला कोणी तिला सांगितलंच नव्हतं! आपण मात्र तिला जन्मभर घरातली फौजदार समजत आलो. त्याला बोलायचं होतं. पण हात तेवढा उचलला गेला, आणि तळहात छातीवर टेकला.

तेवढ्यात आजीचं दार उघडलं. नेहमीप्रमाणे आवाज न करता.

म्हातारी उंबऱ्यात उभी होती. पांढरे केस विस्कटलेले, पण डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही. नोकरी संपून तिला कित्येक वर्षं झाली होती, तरी दुपारचं ते दार लागायचं ते लागायचंच. घरातल्यांना वाटायचं, जित्याची खोड.

"मी ऐकलं सगळं," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येतं. रात्र रात्र तारांमधून माणसांचे श्वास ऐकलेत मी. तुमच्या त्या कापडी तळव्यांतून सुद्धा मला कळतं. धाकट्याचा डावा पाय घासतो. ताई ओट्यापाशी गेली की जरा थांबते, तिची कंबर दुखते."

"म्हणजे आमच्यामुळे तुझी झोपमोड..." ताईचा जीव पुन्हा घाबरा झाला.

"झोपत होतं कोण?" आई म्हणाली. "पाळीवरून आले की तासदोन तास डोळा लागायचा, मग टक्क जागी. दाराच्या फटीतून बघायचे. तुम्ही दोघं हातांनी बोलायचात, पोट धरधरून हसायचात, आवाज न करता. मी बाहेर आले की थांबायचात. मला वाटलं, त्या एका थपडेने मी पोरांना परकी झाले. यांचं माझ्यावाचून छान चाललंय, तर कशाला मध्ये जायचं? म्हणून पडून राहायचे. रात्रभर परक्या माणसांना एकमेकांचे आवाज जोडून द्यायचे मी... आणि घरी येऊन वाट बघायचे, की कोणीतरी दार ढकलेल आणि म्हणेल, आई, ऊठ."

ताई आईसाठी गप्प राहिली होती, आई तिच्यासाठी डोळे मिटून राहिली होती. आणि दोघींच्या मधल्या त्या निळ्या शांततेत दोन पोरं मोठी झाली होती, एक नात मुकी होत होती! ताईने जाऊन आईच्या पायांना मिठी मारली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

मग म्हातारी एकाएकी मागे वळली, पलंगावर जाऊन आडवी झाली, अंगावर चादर ओढली आणि तिने डोळे मिटले.

"आता उठवा मला," ती म्हणाली.

ताई पलंगाशी उभी राहिली. ओठ हलले. "आई," ती म्हणाली, पण ती कुजबूजच होती.

"ऐकू नाही आलं," आई डोळे मिटूनच म्हणाली.

धाकटा पुढे झाला. छापखान्यातला तो दणकट गडी, पण हाक तोंडातून येण्याऐवजी डोळ्यांतून वाहायला लागली. भावजय दारात उभी राहून रडत होती. ती सहज हाक मारू शकली असती; पण ही हाक आपली नाही हे तिला कळलं होतं.

चिमी सगळ्यांची तोंडं बघत होती. ती पलंगाजवळ आली. तिने तळहात गालाखाली घेतला, मान कलती केली आणि आत्याकडे पाहिलं. आजी झोपलीय.

ताईने गुडघ्यांवर बसून तो छोटा हात गालाखालून काढला आणि आपल्या हातात धरला. नाही, तिने मान हलवली. मग छाती भरून श्वास घेतला, आणि जो आवाज तिने अकराव्या वर्षी आत ठेवून दिला होता, तो सगळा एकदम बाहेर आला.

"आई, ऊठ!"

पडदे हलले असं तिला वाटलं. चिमी दचकली. तोंड झाकायला तिचे हात उठले, पण एक आत्याच्या हातात होता. कोणी मेलं नाही, कोणी रागावलं नाही. आजीच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेने फक्त पाणी ओघळलं. मग घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात, पण चांगलंच मोठ्याने, चिमी ओरडली, "आजी, ऊठ!"

आजीने डोळे उघडले.

"उठले गं बाई," ती म्हणाली. "किती वेळ लावलात."