पेनल्टीच्या ठिपक्यावरचा खड्डा

फोन वाजला तेव्हा फौजदारबाई हाताने ब्रेड तोडत होत्या. सुरी जागेवर नव्हती आणि शोधत बसायला सवड नव्हती. आज स्पर्धेचा अंतिम सामना होता.

"लगेच या," क्लबचे अध्यक्ष फोनवर ओरडत होते. "कुणीतरी मैदान खणून ठेवलंय!"

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन बाई क्लबच्या चिटणीस झाल्या, तरी हाक तीच राहिली होती. नवरा न्हाणीघरात होता. नळ मघापासून वाहत होता. "अहो, जाते मी," असं दाराबाहेरूनच सांगून त्यांनी खुंटीवरची मैदानाची किल्ली घेतली आणि निघाल्या.

हंगाम सुरू होण्याआधी क्लब दरवर्षी तीन पाहुणे संघ बोलावून मैत्रीची स्पर्धा भरवायचा. हरण्याजिंकण्याचं कुणाला फारसं सोयरसुतक नसे. यंदा मात्र चषकाला बाईंच्या मुलाचं नाव होतं. गेल्या हंगामातला शेवटचा सामना खेळून घरी येताना ट्रकने त्याला उडवलं. पेनल्टी मिळाली की अख्खं मैदान त्याच्याकडे बघायचं, असा पोरगा. घर खायला उठायचं म्हणून बाई लवकरच कामाला लागल्या. नवऱ्याने मात्र तेव्हापासून, बाईंच्या माहितीत तरी, मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

खड्डा बरोबर पेनल्टीच्या ठिपक्यावर होता. बादलीभर माती निघेल एवढा, आणि कडेकडेने आणखी ओरबाडलेला. भोवती तिघं उभे होते. अध्यक्ष, पाहुण्या संघाचा प्रशिक्षक आणि मान खाली घातलेला ग्राउंडमन.

"ह्यानेच केलंय," अध्यक्षांनी ग्राउंडमनकडे बोट दाखवलं. "फाटकाचं कुलूप शाबूत आहे. किल्ल्या तीनच. एक माझी, एक तुमची, एक ह्याची. काल मी नकली गवताचं जाहीर केलं तेव्हा कसा तणतणत होता, सगळ्यांनी पाहिलंय."

ते खरं होतं. स्पर्धा संपली की यंत्रं येणार, सगळं मैदान उकरणार आणि नकली गवत अंथरणार, असं अध्यक्षांनी काल संध्याकाळी सांगितलं होतं. जेवताना बाईंनी घरीही ती बातमी दिली होती. गवतच नसेल तर ग्राउंडमनने करायचं काय?

"आणि आमच्यावर संशय नको," प्रशिक्षक म्हणाला. "काल हरलो म्हणून आम्ही काही खड्डे खणत फिरत नाही."

"तुमच्यावर कोण घेतंय? मी पोलिसांना बोलावणार आणि ह्याला आजच्या आज बाहेर काढणार," अध्यक्ष म्हणाले.

ग्राउंडमन कळवळून म्हणाला, "बाई, हे गवत मी पोटच्या पोरासारखं..." आणि बाईंकडे बघून गप्प झाला.

बाई खाली बसल्या. गवताचे मुळांसकट कापलेले तुकडे खड्ड्याशेजारी ओळीने मांडलेले होते. त्यांनी त्यावर हात फिरवला.

"हे ओले आहेत. तुम्ही पाणी मारलंत?"

"नाही. मी हात लावला नाही."

"अध्यक्ष, तुम्ही?"

"मी कशाला मारू?"

"मग खणणाऱ्यानेच मारलं. गवत मरू नये म्हणून." बाईंनी एक तुकडा उचलला. कड करवतीने कापल्यासारखी दातेरी होती. "तुमची हत्यारं दाखवा."

ग्राउंडमनने खोलीतून सगळं आणून पुढ्यात ठेवलं. कुदळ, फावडं, गवत कापायचं पातं. सगळ्यांची धार सरळ होती.

"माती कुठे गेली?"

"तेच कळत नाही. इथे ढीग हवा होता."

बाईंची नजर गोलकडे गेली. गोलच्या जाळीमागे जमिनीला टक्कल पडलं होतं. "ते काय?"

"जुना गोल तिथे होता ना, बाई. खेळून खेळून गोलसमोर गवताचं पातं उरत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी आम्ही गोल, रेषा, ठिपका, सगळंच थोडं सरकवतो. ह्या उन्हाळ्यात सरकवलं. तुम्ही होतात की तेव्हा."

"हो, होते मी," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या आणि हाताची माती झटकली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या घरातली बिंगं फोडली होती. आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. फक्त एका निरपराध माणसाची भाकरी गेली असती आणि त्याच्या नावाला काळिमा लागला असता तो वेगळाच.

त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, मैदानावर या. आणि येताना ब्रेडची सुरी घेऊन या."

पलीकडे वाहता नळ बंद झाला. मग "आलो," एवढंच.

"सुरी कशाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगते. मैदानावर सूड उगवायचा असता तर कुणी गवत पाणी घालून जपलं नसतं. हा खड्डा रागाने खणलेला नाही. मध्यावर सुरुवात केली, सापडलं नाही, मग कडेकडेने उकरत गेला. काहीतरी शोधत होता."

"काय?"

"ठिपक्याखाली पुरलेलं काहीतरी. पण पुरलं तेव्हा ठिपका इथे नव्हता. आता विचार करा, ठिपका सरकला हे कुणाला माहीत नाही? ग्राउंडमननी तर तो स्वतः सरकवला. तुम्ही रोज इथे असता. आपली पोरं उन्हाळ्यापासून सराव करतायत. पाहुण्यांनी इथे काही पुरायचा प्रश्नच नाही. म्हणजे हा माणूस ठिपका सरकवल्यापासून कालपर्यंत इथे आलेलाच नाही. त्याच्याकडे हत्यार नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरातली दातेरी सुरी आणली. यंत्रं येणार हे त्याला कालच कळलं. आणि फाटकाची एक किल्ली त्याच्या घरातच टांगलेली असते."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. "बाई, म्हणजे..."

"माझा नवरा," बाई म्हणाल्या. "आधी ह्या ग्राउंडमनची माफी मागा."

अध्यक्षांनी ग्राउंडमनपुढे हात जोडले. ग्राउंडमनने ते घाईघाईने खाली घेतले. त्याचे डोळे भरून आले होते.

फाटकातून बाईंचा नवरा आला. एका हातात कागदात गुंडाळलेली सुरी, दुसऱ्या हातात मातीने भरलेली बादली. कुणाकडे न बघता त्याने दोन्ही खाली ठेवल्या.

चौकशी बाईंनीच केली. आवाज खात्यातला ठेवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला.

"रात्री आलात?"

"हो. तू झोपली होतीस."

"काय शोधत होतात?"

"डबी." तो मातीकडे बघत राहिला. "सापडली नाही. वाटलं गंजून फुटली असेल, मातीत मिसळली असेल. म्हणून सगळी माती घरी नेली. सकाळी नळाखाली चाळत होतो."

"काय होतं डबीत?"

त्याने बादलीतली माती उगाच हाताने सारखी केली. प्रशिक्षकाने नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"अहो, विचारतेय मी. काय होतं?"

"त्याची राख. मूठभर. तू नदीकडे तोंड करून उभी होतीस तेव्हा काढून घेतली. लहानपणी इथेच मी गोलमध्ये उभा राहायचो आणि तो ह्या ठिपक्यावरून मारायचा. म्हटलं, इथेच राहू दे. पण आता यंत्रं येणार म्हणालीस. त्यांच्या दातात कसा सोडू त्याला?"

ग्राउंडमनने काही न विचारता फावडं उचललं. नव्या गोलच्या पुढ्यात, जुना ठिपका होता तिथे येऊन तो थांबला. गवताचा तुकडा त्याने अलगद उचलला आणि फावडं बाजूला ठेवून हातांनी माती काढायला लागला. बाईंचा नवरा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. थोड्या वेळाने त्याच्या बोटांना डबी लागली. झाकण गंजलं होतं, पण घट्ट होतं.

अध्यक्ष आणि प्रशिक्षक लांब जाऊन उभे राहिले. ग्राउंडमन बादली घेऊन पहिला खड्डा बुजवायला गेला. सामना व्हायचा होता.

"मला का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. आता आवाज खात्यातला राहिला नव्हता.

"नदीवरून परतताना तूच म्हणालीस, आता मागे काही ठेवायचं नाही. तू इतकी खंबीर होतीस. मला लाज वाटली."

बाई त्याच्याशेजारी मातीतच बसल्या. डबी त्यांनी त्याच्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि छातीशी धरली. इतके महिने न आलेलं रडू एकदम आलं.

"मलाही हवा होता हो तो," त्या म्हणाल्या, "थोडासा."